अंगवळणी पडलेला व्यायाम

नियमित व्यायाम सुरू केला की पहिले काही महिने शरीर मागू ते देते. आज जड वाटलेले वजन पंधरा दिवसांनी हलके वाटते, जिना चढताना लागणारी धाप कमी होते, दहाव्या जोराला थरथरणारे हात विसाव्यालाही टिकून राहतात. मग एक काळ असा येतो, की त्याच वेळी उठून, त्याच निष्ठेने, तेवढाच घाम गाळूनही प्रगती जिथल्या तिथे राहते. या टप्प्यावर बहुतेक जण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक तर आपण कमी पडतो आहोत, किंवा आपल्या वयाला आणि हाडापेराला एवढेच झेपणार आहे. मला हे दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. बहुतेक वेळा शरीराने आपले काम चोख केलेले असते. रोज जेवढे काम वाट्याला आले तेवढ्यापुरते बळ त्याने कमावले आणि ते स्वस्थ बसले, कारण त्याहून अधिक कमावण्याचे निमित्तच आपण त्याला दिलेले नसते.

या विषयाकडे मी वळले ती व्यायामाच्या वहीमुळे. प्रत्येक दिवशी काय केले, किती वजनाने केले, किती वेळा केले आणि शेवटचे आवर्तन कसे वाटले, एवढे चार रकाने मी अनेक वर्षे भरत आले आहे. अशी वही चाळताना एक गोष्ट लख्ख दिसते. प्रगती सरळ रेषेत कधीच होत नाही. काही आठवडे आकडे चढतात, मग लांबलचक सपाटी येते, आणि ती सपाटी मोडते तेव्हा त्याआधी काहीतरी बदललेले असते. काय बदलले होते आणि का, हे शोधण्यात मला व्यायामाइतकाच रस वाटू लागला.

क्रमाक्रमाने भार वाढवण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातील ग्रीक मल्ल मायलो याच्याबद्दल अशी आख्यायिका सांगतात, की तो एक वासरू रोज खांद्यावर घेऊन चालत असे आणि वासराचा बैल होईपर्यंत त्याची ताकदही तेवढी वाढली. गोष्ट छान आहे आणि तिच्यातले तत्त्वही खरे आहे. मात्र ती जिथे संपते तिथूनच आपली अडचण सुरू होते. दर आठवड्याला फक्त एक किलो वजन वाढवत नेले, तर दहा वर्षांत मूळ वजनात ५२० किलोंची भर पडायला हवी. तशी ती कुणाच्याही बाबतीत पडत नाही. म्हणजे नुसते वाढवत जाणे हा मार्ग काही काळच चालतो. पुढे केव्हा वाढवायचे, काय वाढवायचे आणि कशाच्या बदल्यात, हे ठरवावे लागते.

आधुनिक काळात या विचाराला शिस्त लावली ती अमेरिकी लष्करातील एक डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांवर उपचार करत होते. अशा रुग्णांकडून हलका व्यायाम पुष्कळ वेळा करून घेण्याची तेव्हा पद्धत होती. डीलॉर्म यांनी त्यांना जड वजन थोड्या वेळा उचलायला लावले, ताकद वाढेल तसे वजन वाढवत नेले आणि १९४५ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. पुढे १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात प्रत्येकी दहा आवर्तनांचे तीन सेट होते. जे वजन जास्तीत जास्त दहा वेळाच उचलता येते, त्याच्या निम्म्या वजनाने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा आणि पूर्ण वजनाने तिसरा. दहा-दहाचे तीन सेट मारणे ही सवय आज व्यायामशाळांत जी घट्ट रुजली आहे, तिच्या मुळाशी बऱ्याच अंशी हे काम आहे. मला खंत एवढीच वाटते, की लोकांनी दहा आणि तीन हे आकडे उचलले आणि तिसऱ्या सेटचे वजन वरचेवर नव्याने ठरवायचे असते ही गोष्ट मागे राहिली. तो सगळा खटाटोप त्या फेरतपासणीवर उभा होता.

सुरुवातीचा वेग नंतर का राहत नाही, याचेही उत्तर आता बरेच स्पष्ट आहे. तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डीव्हरीज या संशोधकांच्या १९७९ च्या अभ्यासातून असे पुढे आले, की पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद ही मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते. स्नायू तेवढाच असतो, पण त्यातले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला मेंदू आणि मज्जातंतू शिकतात. स्नायू जाडीने वाढण्याचा वाटा त्यानंतर मोठा होत जातो, आणि ते काम संथ असते. त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांचा वेग मनात धरून सहाव्या महिन्याला नावे ठेवणे हा शरीरावर अन्याय आहे. गती मंदावली म्हणजे प्रगती थांबली असे होत नाही.

म्हणून बदल करण्याआधी पाहावी लागणारी गोष्ट अशी, की आपण खरोखर अडलो आहोत की फक्त थकलो आहोत. वहीतले आकडे तीन-चार आठवडे जागेवरून हललेले नाहीत, झोप बरी आहे, भूक लागते आहे आणि तरीही शेवटचे आवर्तन पूर्वीइतकेच सोपे किंवा पूर्वीइतकेच अवघड जाते, तर शरीर त्या व्यायामाला सरावले आहे असे समजायला हरकत नाही. आकडे घसरत असतील, सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा जलद चालत असेल, चिडचिड होत असेल आणि वजनाला हात लावण्याआधीच अंग जड वाटत असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथे नवा व्यायाम शोधण्याचे कारण नाही. आठवडाभर वजन आणि सेट दोन्ही कमी करून शरीराला सावरू देणे हाच तिथला बदल. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही. व्यायामाने त्याला फक्त निमित्त मिळते, आणि वाढ होते ती त्यानंतरच्या विश्रांतीत, झोपेत आणि अन्नातून. थकलेल्या शरीरावर नवलाईचा मारा केला, तर पहिले दोन दिवस उत्साह वाटतो आणि तिसऱ्या दिवशी खांदा किंवा गुडघा बोलू लागतो.

शरीर खरोखर सरावले असेल, तर हाताशी अनेक मार्ग असतात. वजन वाढवता येते, आवर्तने वाढवता येतात, सेटची संख्या बदलता येते, दोन सेटांमधली विश्रांती कमी-जास्त करता येते, हालचालीचा वेग बदलता येतो, ती किती खोलवर न्यायची हे बदलता येते, आणि शेवटी व्यायामच बदलता येतो. माझ्या मते हा शेवटचा मार्ग लोक सर्वांत आधी वापरतात आणि तो सर्वांत शेवटी वापरायला हवा. वजन आणि आवर्तने यांची सांगड घालण्याची एक साधी रीत मला आजही सर्वांत भरवशाची वाटते. समजा एखादे वजन आठ वेळा नीट उचलता येते. तेच वजन ठेवून हळूहळू बारा आवर्तनांपर्यंत जायचे, बारा स्वच्छ जमू लागली की वजन थोडे वाढवून पुन्हा आठवर यायचे. यात शरीराला दर वेळी थोडे नवे काम मिळते आणि वाढीचा माग काढणेही सोपे जाते.

वेग बदलण्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्याला काहीही साधन लागत नाही आणि तरीही तो मार्ग फारसा कुणी घेत नाही. साधा जोर घ्या. खाली जाताना मनात सावकाश चार अंक मोजायचे. पहिल्या दोन अंकांना विशेष काही वाटत नाही. तिसऱ्या अंकाला कोपर काटकोनाजवळ येतात आणि छातीच्या बाहेरच्या कडेला ओढ जाणवू लागते. चौथ्याला छाती जमिनीपासून दोन बोटांवर असते, आणि नेमके इथेच पोट सैल पडले तर कंबर लगेच झुकते. तिथे क्षणभर स्थिर राहून मग वर यायचे. एरवी आपण झपकन खाली जातो तेव्हा ताणलेल्या स्नायूंत आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांत स्प्रिंगसारखी ऊर्जा साठते, आणि ती आपल्याला वर ढकलायला मदत करते. तळाशी थांबल्यामुळे त्या मदतीचा बराचसा भाग नाहीसा होतो आणि उरलेले सगळे काम स्नायूंना करावे लागते. वीस जोर सहज मारणाऱ्याची या पद्धतीने आठ-नऊ जोरांतच दमछाक होते. वजन तेच, जमीन तीच, व्यायामही तोच, पण शरीरापुढचे काम पूर्ण निराळे झालेले असते. स्क्वॉटमध्येही, म्हणजे बैठकीच्या व्यायामातही, हेच करता येते, आणि तळाशी दोन क्षण थांबल्यावर टाचा जमिनीवर राहतात की उचलल्या जातात हे अगदी स्वच्छ कळते.

असा सावकाश खाली जाणारा व्यायाम प्रथमच केला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग चांगलेच दुखते. या दुखण्याला अनेक जण प्रगतीची पावती समजतात आणि तेवढ्यासाठी दर आठवड्याला काहीतरी नवे करतात. दुखण्याचे कारण स्नायूत साठलेले लॅक्टिक आम्ल आहे असेही अजून ऐकू येते. व्यायामात तयार झालेले लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचे शरीरातले रूप, साधारण तासाभरात निघून जाते, मग दोन दिवसांनी ते दुखवणार कसे? हे दुखणे सवय नसलेल्या हालचालीमुळे, विशेषतः ताणले जात असताना स्नायूवर पडणाऱ्या भारामुळे झालेल्या सूक्ष्म इजांचे आणि त्यांच्या दुरुस्तीचे असते. तोच व्यायाम एक-दोन आठवड्यांनी पुन्हा केला तर दुखणे बरेच कमी होते, कारण स्नायूने स्वतःला सावरून घेतलेले असते. म्हणजे अंग दुखले यावरून काम नवे होते एवढेच सिद्ध होते. ते काम फळले की नाही, हे पुढच्या काही आठवड्यांचे आकडे सांगतात.

याच कारणामुळे स्नायूंना सतत गोंधळात ठेवा, म्हणजे ते वाढत राहतील, हा सल्ला मला पटत नाही. स्नायू गोंधळत नाही. त्याला फक्त ताण, त्या ताणाची तीव्रता आणि तो किती काळ टिकला एवढेच कळते. रोज नवा व्यायाम करणारा माणूस प्रत्येक व्यायामाच्या अगदी सुरुवातीच्या शिकण्याच्या टप्प्यातच अडकून पडतो, आणि त्याच्याजवळ तुलना करायला कालचा आकडाच नसतो. दर दोन दिवसांनी उपटून दुसऱ्या वाफ्यात लावलेले रोप जसे मूळ धरत नाही, तसे हे आहे. दुसरीकडे, विविधता निरर्थक आहे असे म्हणणेही चूक ठरेल. मांडीच्या पुढच्या स्नायूगटावरील २०१४ च्या एका अभ्यासात असे आढळले, की फक्त स्क्वॉट करणाऱ्यांपेक्षा ठरावीक काळाने वेगवेगळे व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीची वाढ अधिक सर्वांगीण झाली आणि ताकदही चांगली वाढली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दर वेळी व्यायाम यादृच्छिक निवडून दिले होते. तिथे स्नायूंची वाढ ठरावीक व्यायाम करणाऱ्यांइतकीच झाली, मात्र व्यायामाची ओढ अधिक टिकली. हे दोन निष्कर्ष मला एकमेकांशी सुसंगत वाटतात. विचारपूर्वक केलेला बदल शरीराला उपयोगी पडतो, आणि वाटेल तसा केलेला बदल मुख्यतः मनाला. मनाची ती गरजही मी क्षुल्लक मानत नाही. कंटाळून सोडून दिलेल्या उत्तम आराखड्यापेक्षा आनंदाने वर्षानुवर्षे केलेला साधा व्यायाम कितीतरी अधिक मोलाचा आहे.

धावण्या-चालण्याच्या बाबतीत सरावण्याचा हा प्रकार अधिक फसवा असतो, कारण तिथे वजनाचा आकडा समोर नसतो. रोज तेवढेच अंतर त्याच गतीने धावणाऱ्याचे हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते, स्नायूंत केशवाहिन्या आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात, पावलेही काटकसरीने पडू लागतात. परिणामी तीच धाव शरीराला स्वस्त पडते. आरोग्यासाठी ती चांगलीच राहते, पण क्षमता वाढवण्याचे तिचे सामर्थ्य ओसरते. प्रशिक्षकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. स्वीडनच्या गोस्टा होल्मर यांनी १९३० च्या दशकात फार्टलेक ही पद्धत रुजवली. तीत धावक मोकळ्या रस्त्यावर मनाप्रमाणे कधी वेगाने, कधी सावकाश धावतो. चेकोस्लोव्हाकियाचे धावपटू एमिल झाटोपेक चारशे मीटरच्या वेगवान फेऱ्या, मध्ये थोडे सावकाश धावत, आश्चर्य वाटावे इतक्या संख्येने मारत असत, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती जिंकल्या.

जपानी संशोधक इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९६ चा प्रयोग मला या संदर्भात सर्वांत बोलका वाटतो. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज तासभर मध्यम गतीने सायकल चालवली. दुसऱ्या गटाने वीस सेकंद जीव तोडून आणि दहा सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या केल्या. प्राणवायू वापरण्याची क्षमता दोन्ही गटांत वाढली. पण प्राणवायू पुरेसा पोहोचत नसतानाही काम करत राहण्याची क्षमता फक्त दुसऱ्या गटात वाढली, पहिल्यात ती जवळजवळ जागेवरच राहिली. रोज तासभर घाम गाळूनही न मागितलेली गोष्ट शरीराने दिली नाही. या प्रयोगावरून सगळ्यांनी रोज जीव तोडावा असा अर्थ कुणी काढू नये. इतका कठोर व्यायाम आठवड्यातून एक-दोनदाच पचतो, आणि हृदयविकार, रक्तदाब किंवा दीर्घ खंड असेल त्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतक्या सावकाश गतीचेच असावेत. माझ्या अनुभवात लोक चुकतात ते इथे. सोपे दिवस पुरेसे सोपे नसतात, त्यामुळे कठीण दिवस पुरेसा कठीण होऊच शकत नाही, आणि सगळे दिवस मधल्याच एका गतीवर येऊन थांबतात.

खेळाडूंच्या वर्षाची टप्प्यांत आखणी करण्याची पद्धत सोव्हिएत अभ्यासक लेव्ह मात्वेयेव्ह यांनी १९६० च्या दशकात सविस्तर मांडली. आपल्याला कुठली स्पर्धा गाठायची नसते, त्यामुळे तिचा सगळा काटेकोरपणा आपल्याला लागू नाही. पण सहा ते आठ आठवड्यांची एक फेरी, तिच्यात एकच मुख्य उद्दिष्ट, आणि फेरी संपल्यावर एक हलका आठवडा, एवढे आपल्यालाही झेपते. एका फेरीत ताकद, दुसऱ्या फेरीत दम, तिसरीत अधिक आवर्तने, असे आलटून पालटून करता येते. फेरी सहा आठवड्यांपेक्षा लहान करू नये असे मला वाटते, कारण स्नायू लवकर तयार होतात आणि कंडरा मागून सावकाश येतात. नव्या व्यायामात पंधरा दिवसांनी बळ आल्यासारखे वाटते, वजन भराभर वाढवले जाते, आणि महिन्याभरात कोपराची किंवा टाचेची मागची बाजू कुरकुरू लागते, त्यामागे बहुधा हीच तफावत असते.

एका गोष्टीवर भर दिला की दुसरी हातची जाईल, ही भीती अनेकांना असते. ती अनाठायी आहे. कमावलेले टिकवायला कमावताना लागले त्यापेक्षा खूप कमी श्रम पुरतात. २०११ च्या एका अभ्यासात सोळा आठवडे ताकदीचा व्यायाम केलेल्यांना त्यानंतर बत्तीस आठवडे त्याच्या एक तृतीयांश किंवा एक नवमांशच व्यायाम दिला, तेव्हा कमावलेली ताकद बऱ्याच अंशी टिकून राहिली. साठीपुढच्यांमध्ये मात्र स्नायूंचा आकार टिकवायला तेवढे पुरेसे ठरले नाही. वय वाढेल तसा टिकवण्याचा वाटाही थोडा मोठा ठेवावा लागतो, हे त्यातून मी घेतले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही एकसुरी नाही. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, आणि ६५ वर्षांपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचेही व्यायाम, असे तिचे स्वरूप आहे.

काय बदलायचे याइतकेच काय बदलायचे नाही, हेही मी ठरवून ठेवते. खाली वाकून उचलणे, बसून उठणे, ढकलणे, ओढणे आणि भार घेऊन चालणे या पाच हालचाली माझ्या प्रत्येक फेरीत कुठल्या ना कुठल्या रूपात असतात. रूप बदलते, हालचाल राहते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी कटाक्षाने पाळते, कारण वजन, विश्रांती आणि व्यायाम तिन्ही एकदम बदलले, तर गुण कशाचा आला हे कधीच कळत नाही.

सध्याच्या फेरीत मी एका पायावरचे व्यायाम करते आहे. दोन्ही पायांचा स्क्वॉट बरेच आठवडे एकाच वजनावर अडला होता, आणि मागच्या हलक्या आठवड्यात बुटक्या स्टुलावरून एकेका पायाने सावकाश खाली उतरून पाहिले, तेव्हा उजव्या पायावर गुडघा सरळ राहिला आणि डाव्या पायावर तो अर्ध्या वाटेत आत वळू लागला. दोन पायांवर उभे असताना उजवा पाय जास्तीचा भार घेऊन ही उणीव झाकत होता. आता डाव्या पायाने आधी करते, त्याला जेवढी आवर्तने जमतील तेवढीच उजव्याला देते, आणि स्क्वॉट आठवड्यातून एकदाच, हलक्या वजनाने, विसर पडू नये एवढ्यापुरता ठेवला आहे. गुडघा शेवटच्या आवर्तनापर्यंत सरळ राहू लागेपर्यंत हातात डंबेल घ्यायचे नाही असे ठरवले आहे. फेरी संपल्यावर स्क्वॉट पुन्हा त्याच जुन्या वजनाने आणि तेवढ्याच खोलीपर्यंत करून पाहीन, आणि तो तरीही हलला नाही, तर कारण पायांत नसून पाठीत किंवा घोट्यात शोधावे लागेल.